मजुरी

बाबांनी आयुष्यभर मेंढ्या कातरल्या,
पुंता अरेनासच्या पलीकडच्या कुरणांत, वाऱ्याला पाठ देऊन,
आणि कुत्री घडवली.
घडवली हा त्यांचा शब्द.
दोर, पट्टा, बुटाचं टोक, यांतलं काय कधी वापरायचं
हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.
घरी आल्यावर पट्टा दाराआड खिळ्याला असायचा.
घरात कुत्रं नव्हतं.
घरात मी होते.

तिसा आली दवाखान्यातल्या यारित्सा ओयार्सूनच्या जुन्या गाडीतून.
तिसा म्हणजे खडू; एक कान तेवढा पांढरा.
अकरा दिवस चुलीमागे.
बाराव्या दिवशी बाबांनी खुंटीवरची टोपी काढायला हात वर केला
आणि ती जागच्या जागी मुतली.
बाबा टोपी न घेताच बसले.
बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले,
कुणीतरी मांडीवर विसरून गेलेली वस्तू असावी तसे.

यारित्सा म्हणाली, "ओनोफ्रेकाका, तुम्ही कधी फुकट मेंढी कातरलीत?"
"एकही नाही."
"मग हिलाही मजुरी द्या. रोख.
बरोबर केलं त्या क्षणी, उद्यावर नाही.
चुकलं तर नुसतं थांबा."

हे त्यांना कळलं.
संघटनेत बावीस वर्षं काढलेला माणूस,
थकलेल्या पगारासाठी मालकाच्या फाटकावर बर्फात बसलेला.
तिने दिलेली टिकटिकी संधिवाताच्या अंगठ्याला दबेना,
म्हणून घोड्यांना करायचे तसा, जिभेने टाळूवर: टक्.
टक्, आणि वाटाण्याएवढी उकडलेली कलेजी.
डोळ्यांत पाहिलं, टक्.
चुलीपासून दोन पावलं, टक्.
हात खांद्यापर्यंत वर गेला तरी ती बसून राहिली,
टक्, टक्, अख्खी मूठ.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणतात.
आमच्या गल्लीत हे बाबांबद्दल म्हणायचे.

आता रविवारी ते अंड्यांचे रिकामे ट्रे मागत शेजारी फिरतात.
खळग्यांत कलेजी लपवतात, वर कागदाचे बोळे.
जुन्या लोकरी मोज्यांना गाठी मारतात,
सैल, तिला सुटाव्यात अशा.
सामुद्रधुनीवरचा वारा माणसाला आडवा करतो तेव्हाही
ती एका खांबाशी वास घेत उभी,
आणि दोरी ढिली सोडून हे उभे,
सात मिनिटं. मी घड्याळात मोजली.
माझ्या बुटाच्या नाडीसाठी ते कधी थांबले नव्हते.

खरं सांगते, मला त्या कुत्रीचा हेवा वाटला.
सेहेचाळीस वर्षांची बाई, खेकड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून
बोटांना खारट भेगा घेऊन घरी येते
आणि दारात उभी राहून मोजते,
बाबा आज किती वेळा शाबास म्हणाले, आणि कुणाला.
पट्टा दाराआड नाही. कुठे गेला ते मी विचारलं नाही.
खिळा आहे.
त्याला रात्री कलेजीची पिशवी असते.

काल पत्रा उडाला.
शिडी धरायला बाबा, वर मी,
तोंडात चार खिळे, वाऱ्याने डोळ्यांत पाणी.
शेवटचा खिळा बसला, पत्रा निमूट झाला,
आणि खालून:
टक्.

मी खाली पाहिलं.
सवयीने हात कमरेच्या पिशवीत जाऊन आलेला,
चिमटीत तुकडा, हात वर, शिडीच्या दिशेने,
आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.
तिसा शेपूट हलवत आळीपाळीने दोघांकडे बघतेय,
मजुरी कुणाची, तिला कळेना.

मी तीन पायऱ्या उतरले.
हातमोजा दातांनी ओढून काढला.
तळहात पुढे केला.
कलेजी गार होती, तिला त्यांच्या खिशातल्या तंबाखूचा वास.
मी खाल्ली.